कॅमेऱ्याच्या घरची लॅब, तीही फुकट!

गणपतीत चारकोप-महावीरनगरच्या बाजूला एक चक्कर मारा. गळ्यात कॅमेरा अडकवलेली पब्लिक जिकडेतिकडे दिसेल. कॅमेरा ईएमआयवर, लेन्स दिवाळी बोनसमधून! मग कुणीतरी सीनियर कानमंत्र देतो, ‘रॉमध्ये शूट कर, बॉस!’ इथपर्यंत सगळं सॉलिड. पण ती रॉ फाइल उघडायची कशात?

पहिलं नाव सुचतं ते लाइटरूमचं. पण एकदाच पैसे मोजून घ्यायचं लाइटरूम ६ हे शेवटचं, असं अॅडोबीने २०१७मध्येच जाहीर केलं. तेव्हापासून सगळा वर्गणीचा मामला. वर्गणी थांबली की लाइटरूम क्लासिकमधला डेव्हलप विभाग, म्हणजे खरं एडिटिंग जिथे होतं तो, बंद. कांदिवलीतल्या वन आरकेचं भाडं भरता भरता नाकी नऊ आलेल्यांनी आता फोटोंचंही भाडं भरायचं? म्हणून मी निकॉनचं एनएक्स स्टुडिओ डाऊनलोड केलं. हो, चक्क फुकट.

कटिंगचा फंडा

आधी रॉ म्हणजे काय ते बघू. जेपेग म्हणजे टपरीवरचा तयार कटिंग. साखर जास्त झाली तर झाली. रॉ म्हणजे दूध, साखर, पत्ती वेगवेगळी समोर ठेवलेली. चहा तुम्ही करायचा. आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारातला चेहरा उजळवताना हाच फरक कामाला येतो.

निकॉनचं हे घरचं सॉफ्टवेअर पूर्वीपासून फुकट नव्हतं. २००६मधलं कॅप्चर एनएक्स विकत घ्यावं लागायचं. २०१४मध्ये कॅप्चर एनएक्स-डी फुकट आलं. मार्च २०२१मध्ये ते आणि फोटो बघायचं व्ह्यूएनएक्स-आय एकत्र करून एनएक्स स्टुडिओ झालं. विंडोज आणि मॅक, दोन्हींवर चालतं.

गुलाल आणि लेणं

पहिली परीक्षा विसर्जन मिरवणुकीची. पिवळे हॅलोजन, निळे एलईडी आणि हवेत गुलाल. फाइल उघडताच फोटो तसाच दिसला जसा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर होता. ही घरच्या सॉफ्टवेअरची खासियत. कॅमेऱ्यातलं पिक्चर कंट्रोल, अॅक्टिव्ह डी-लायटिंग वगैरे सेटिंग त्याला नीट वाचता येतं. ‘व्हिविड’मध्ये गुलालाचा नुसता लाल गोळा दिसत होता. ‘न्यूट्रल’ केलं आणि उधळलेल्या मुठीचे कण सुटे दिसू लागले! व्हाइट बॅलन्स जागेवर आणला आणि तेच सेटिंग कॉपी करून उरलेल्या फोटोंवर पेस्ट.

दुसरी परीक्षा नॅशनल पार्कातल्या कान्हेरीची. लेणं क्रमांक ३. आत अंधार, दारात रखरखीत ऊन. इथे कलर कंट्रोल पॉइंट भावला. मूर्तीच्या चेहऱ्यावर एक ठिपका ठेवायचा, वर्तुळ लहान-मोठं करायचं, उजेड वाढवायचा. दाराचा भाग तसाच राहतो. एकदम झक्कास!

पण जरा थांबा

फुकट आहे म्हणून डोळे झाकून उडी नको. एक म्हणजे, कॅनन-सोनीच्या रॉ फाइली यात उघडत नाहीत. दुसरं, लाइटरूममध्ये आकाश एका क्लिकवर निवडलं जातं, इथे ठिपके ठेवत बसावं लागतं. ठाकूर व्हिलेजमधली माझी एक मैत्रीण बँकेत नोकरी करून वीकेंडला बारशी, साखरपुडे शूट करते. सोमवारी सकाळी पार्टीला शेकडो फोटो द्यायचे असतात. तिला वर्गणी परवडते, कारण तिचा वाचलेला वेळ म्हणजे पैसा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मूळ रॉ फाइलला हे सॉफ्टवेअर हात लावत नाही. तुमचे बदल फोटोंच्या शेजारीच ‘एनकेएससी_पॅरॅम’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात. हार्ड डिस्कवर बॅकअप घेताना तो कचरा समजून मागे ठेवला, की फोटो येतील, मेहनत येणार नाही! आणि उद्या लाइटरूमकडे वळलात तर हे बदल तिथे दिसणार नाहीत. आवडते फोटो १६ बिट टिफमध्ये काढून ठेवा. थोडक्यात, इथे भाडं नाही, पण घर मात्र निकॉनचंच.

दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तरी टेन्शन नॉट. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि सोनीचं इमेजिंग एज आहे. फुजीफिल्मच्या एक्स रॉ स्टुडिओची गंमत तर न्यारीच. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोटो ‘धुवायचं’ काम कॅमेऱ्यातला प्रोसेसरच करतो!

तेव्हा कार्ड नंबर टाकण्याआधी एक करा. आपल्या कॅमेऱ्याच्या घरच्या लॅबमध्ये शंभर फोटो धुऊन बघा. वर्गणी लागणार असेल तर नेमकी कशासाठी लागणार, हे तोवर तुम्हाला कळलेलं असेल. आणि बहुतेकांना ती लागणारच नाही!