खोटी रिळं, खरी गोष्ट

कॅनडाच्या सारा पॉली बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर वाढल्या, आणि ते शिक्षण त्यांच्या सर्वांत खासगी माहितीपटात, ‘स्टोरीज वी टेल’मध्ये (२०१२) उपयोगी पडलं. दिवंगत आईची म्हणून दिसणारी सुपर-८ रिळं बरीचशी नटांना घेऊन नव्याने चित्रित केलेली आहेत. ही प्रेक्षकांची फसवणूक, असा आक्षेप घेता येतो. पण तो टिकत नाही. कारण त्या नटांना सूचना देणाऱ्या पॉली याच चित्रपटात दिसतात. आठवणीसुद्धा अशाच रचल्या जातात, हाच तर त्यांचा मुद्दा. पॉली यांचा जन्मदाता दुसराच निघाला, तरी निवेदन वाचतात ते लहानाचं मोठं करणारे वडील मायकेल. त्यांनाही मध्येच थांबवून ओळ पुन्हा वाचायला सांगताना मुलगी भीड बाळगत नाही.