नाकाबंदीत पकडलं, आता पुढे? दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा, शिक्षा आणि बचाव

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आलाय. शब्द प्रत्येकाचे वेगळे, पण गाभा एकच: “नाकाबंदीत दारू पिऊन सापडलं, तर सुटता येतं का?” मी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो.

माझं उत्तर असं, की हा खटला एका आकड्यावर उभा असतो आणि तो आकडा कसा मिळवला यावर त्याचं वजन ठरतं. बचाव असतो तो तिथे. पण आकडा कोसळला म्हणजे माणूस सगळ्यातून सुटला, असं मात्र होत नाही. का, ते क्रमाने बघू.

कलम १८५ काय म्हणतं?

मोटार वाहन कायदा, १९८८. त्यातलं कलम १८५. गाडी चालवताना, किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना, तुमच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. बस, एवढंच. तुम्ही झोकांड्या खात होता का, गाडी सरळ चालली होती का, कुणाला लागलं का, हे या कलमासाठी बघायचंच नाही. “साहेब, मी अगदी शुद्धीत होतो” हे वाक्य म्हणूनच कामाचं नाही.

अमली पदार्थांचं मात्र वेगळं आहे. तिथे आकडा नाही. नशेमुळे गाडीवर नीट ताबा ठेवता येत नव्हता, हे दाखवावं लागतं.

आणि हो, गुन्हा फक्त चालवणाऱ्याचाच असतो असं समजू नका. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. मित्र पूर्ण झिंगलाय हे माहीत असताना “घे रे चावी, तूच चालव” म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

३० मिलिग्रॅम म्हणजे नेमके किती पेग?

हा हिशेब ढोबळ आहे. वजन, पोटातलं जेवण, पिण्याचा वेग, स्त्री की पुरुष, यावर तो बदलतो. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो.

आपल्याकडे लहान पेग ३० मिलिलिटरचा, मोठा ६० चा. मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर रक्तातलं प्रमाण ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे एका मोठ्या पेगमध्ये मर्यादा ओलांडली! स्ट्राँग बिअरची मोठी बाटली, ६५० मिलिलिटरची, तर याच्या साधारण दुप्पट. स्त्रियांच्या बाबतीत तेवढ्याच दारूला आकडा सहसा आणखी वर जातो.

उतरण्याचं गणितही ऐका. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढंच कमी करतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दहाला बसून चार मोठे पेग घेतले, तर सकाळी सहाला रक्तात ४० ते ५० मिलिग्रॅम शिल्लक असू शकतं. झोप झालेली, दात घासलेले, चहा प्यायलेला, आणि तरी कायद्याच्या दृष्टीने आपण दारू पिऊन गाडी चालवतोय. लोणावळा, अलिबाग किंवा गोव्याहून सकाळी लवकर निघणाऱ्यांनी हे मनावर घ्या.

नाक्यावर काय होतं?

कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस, किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी, तुम्हाला मशीनमध्ये फुंकायला सांगू शकतो. त्यासाठी संशयाला वाजवी कारण हवं. डोळे लाल, वास, गाडी वाकडीतिकडी चाललेली, असं काहीतरी.

मशीनने अल्कोहोल दाखवलं, की वॉरंटशिवाय अटक करता येते. इथे एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. कलम २०२ सांगतं, की या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. कलम २०४ खाली प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना मागता येतो. स्त्रीचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल, तर तो एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा असतो, मग ती डॉक्टर असो वा नसो.

मग कुणी म्हणतं, “मी फुंकलंच नाही तर?” तर कलम २०५ तयार आहे. योग्य कारण नसताना नकार दिला, तर तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा मानता येतो. वर नकारासाठी अटकही होऊ शकते. म्हणजे नकार देऊन सुटका तर नाहीच, उलट आपल्याच विरोधात एक मुद्दा तयार.

शिक्षा किती?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर चित्र असं आहे. पहिल्यांदा दोषी ठरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यापुढे, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जातं आणि निलंबित होऊ शकतं, ते वेगळं.

हेल्मेटच्या चलनासारखं हे प्रकरण जागेवर पैसे भरून मिटत नाही. यात तडजोड शुल्काची सोय नाही, दंडाधिकाऱ्यांसमोर जावंच लागतं. दिलासा एवढाच, की गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तुमचा हक्क.

बरेच जण कोर्टात “गुन्हा कबूल” म्हणून दंड भरतात आणि मोकळे होतात. पुरावा पक्का असेल तर ते शहाणपणाचंही असेल. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, हे समजून द्या. पुढच्या वेळी तुम्ही “दुसऱ्यांदा” च्या रकान्यात जाता. परदेशाच्या व्हिसा अर्जात शिक्षेबद्दल विचारतात, तिथेही खरं लिहावं लागतं. परदेशी नोकरीला निघालेल्या मुलामुलींनी घाईत सही करण्याआधी एकदा वकिलाशी बोला.

बचाव कुठे असतो?

पहिला मुद्दा मशीनचा. ब्रेथ अ‍ॅनालायझर रक्त मोजत नाही, श्वास मोजतो आणि त्यावरून रक्तातला आकडा काढतो. म्हणून त्याची ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि जुळणी झालेली असली पाहिजे. तोंडात नुकताच अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध गेलं असेल, तर काही मिनिटं वाचन फुगू शकतं. असं काही असेल तर तिथल्या तिथे सांगा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा आणि रक्ततपासणीचा आग्रह धरा. सहा महिन्यांनी कोर्टात आठवलेल्या खोकल्याच्या औषधावर सहसा कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरा मुद्दा नमुन्याच्या प्रवासाचा. रक्त कुणी काढलं, किती वाजता, बाटलीवर सील होतं का, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती कुणाच्या ताब्यात होती? यातला एक दुवा जरी तुटला, तरी संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो.

तिसरा, गाडी कोण चालवत होतं? सलमान खान खटल्यात १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, ते याच दोन गोष्टींवर: तो गाडी चालवत होता आणि दारूच्या अमलाखाली होता, हे सरकारी पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही. मात्र अपघात २००२ चा होता, हेही विसरू नका. निर्दोष सुटायला तेरा वर्षं लागली!

चौथा मुद्दा, चाचणीच नसणं. बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तोंडाचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. आजही बचाव पक्ष हा निकाल पुढे करतो.

कुणी म्हणेल, या तर पळवाटा झाल्या. मला तसं वाटत नाही. दारू न प्यायलेला माणूस बिघडलेल्या मशीनमुळे अडकू नये, म्हणूनच या अटी आहेत. आणि त्या दोन्ही बाजूंनी चालतात. मे २०२४ मधलं पुण्याच्या कल्याणीनगरचं पोर्श प्रकरण आठवा. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि नंतर आरोप झाला तो रक्ताचा नमुनाच बदलल्याचा. नमुन्याची साखळी काटेकोर असणं हे आरोपीसाठी जितकं गरजेचं, तितकंच मेलेल्यांच्या आईवडिलांसाठीही.

कुणाचा जीव गेला तर?

इथे कलम १८५ मागे पडतं आणि भारतीय न्याय संहिता पुढे येते. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. पण आपल्या कृतीने कुणाचा मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती असं दिसलं, तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली. सात जण गेले. अ‍ॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि जानेवारी २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम झाली. “मी मुद्दाम नाही केलं” हे तिथे पुरेसं ठरलं नाही. दारू पिऊन भरधाव गाडी हाकताना काय होऊ शकतं हे माणसाला कळत असतं, असं न्यायालय धरून चालू शकतं.

आणि विमा?

मघाशी म्हटलं ना, आकडा कोसळला म्हणजे सगळं संपत नाही. त्याचं उत्तम उदाहरण इथे आहे. २००७ साली दिल्लीत इंडिया गेटजवळ एक महागडी गाडी आदळून जळाली. चालकाची ना श्वासचाचणी झाली, ना रक्तचाचणी. डॉक्टरांच्या कागदावर फक्त दारूच्या वासाची नोंद. विमा कंपनीने दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. चाचणी नसली तरी परिस्थितीवरून चालक दारूच्या अमलाखाली होता हे ठरवता येतं, असं न्यायालयाने म्हटलं.

फौजदारी खटल्यात संशयापलीकडे पुरावा लागतो, विम्याच्या दाव्यात तेवढा लागत नाही. फरक इथे आहे. तुमच्या गाडीने दुसरा कुणी जखमी झाला, तर न्यायालयं बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे शेवटी घर, शेत, बचत यांवर गदा येऊ शकते ती मालकाच्या.

पकडले गेलात तर

थोडक्यात सांगतो. वाद घालू नका, पळू नका, पैसे सरकवू नका, तो वेगळा गुन्हा होईल. मशीनची छापील पट्टी मागा, त्यावरची वेळ आणि आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. अटक केली तर कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा, वकिलाशी बोलण्याचा हक्क वापरा. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागा, ती तुम्हाला मिळायला हवी. आणि गाडी न्यायला दारू न प्यायलेल्या माणसालाच बोलवा!

बाकी, या सगळ्या बचावांपेक्षा रिक्षाचं भाडं स्वस्त पडतं, हे मी फी घेणारा वकील असूनही सांगतो. ऐकत राहा, प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!