पिस्तूल, नेमबाजीचे : निवड व अनुरूपण

नेमबाजीचे पिस्तूल : ठराविक अंतरावरील लक्ष्याचा एका हाताने वेध घेण्यासाठी बनविलेले आखूड नळीचे शस्त्र. आत्मसंरक्षणासाठी वापरावयाच्या पिस्तुलाहून त्याची रचना, वजन व हाताळणी सर्वस्वी वेगळी असते. ते मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, उत्तम प्रतीच्या कारखान्यात स्पर्धेसाठीच तयार झालेले पिस्तूल घेणे व दुसरा, हाती असलेल्या पिस्तुलाची मूठ, चाप, दर्शके इ. भाग नेमबाजाच्या अंगलटीप्रमाणे व स्पर्धेच्या नियमांप्रमाणे जुळवून घेणे. या दुसऱ्या क्रियेस येथे अनुरूपण असे म्हटले आहे. दोन्ही मार्गांच्या खर्चात मोठी तफावत असल्याने व भारतात शस्त्र बाळगण्यावर कायद्याचे कडक निर्बंध असल्याने हा प्रश्न नवोदित नेमबाजाच्या व त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मी. अंतरावरील हवाई पिस्तुलाचा व्यास ४·५ मिमी., वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅ. व चापावरील दाब किमान ५०० ग्रॅ. असावा लागतो. संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमी. मापाच्या पेटीत मावले पाहिजे. २५ मी. अंतरावरील ०·२२ इंची पिस्तुलासाठी वजनाची कमाल मर्यादा १,४०० ग्रॅ., चापावरील किमान दाब १,००० ग्रॅ. व पेटीचे माप ३०० × १५० × ५० मिमी. असे आहे. पिस्तूल कारखान्यातून आलेले असो वा कारागिराने सुधारलेले असो, स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत दोहोंना एकच माप लागू होते.

कोणत्या दोषाचा उपाय कोठे आहे, हे समजण्यासाठी चुकीचे मूळ पाहावे लागते. १० मी.च्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११·५ मिमी. असतो. चांगले हवाई पिस्तूल पकडीत घट्ट आवळून झाडल्यास सर्व छर्रे जवळजवळ एकाच छिद्रातून जातात. म्हणजे यंत्राकडून होणारी चूक त्या वर्तुळाच्या मानाने क्षुल्लक असते. हाताची चूक मात्र मोठी असते. पुढची माशी व मागची खाच यांत ३५० मिमी. अंतर आहे असे मानल्यास, माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिमी. सरकताच छर्रा लक्ष्यावर सु. १४ मिमी. बाजूला लागतो व दहाऐवजी नऊ गुण मिळतात, एक मिमी. सरकल्यास गुण सातावर येतात. माशी सरकण्याचे कारण बहुधा नळीत नसून मुठीत व चापात असते. म्हणून महाग पिस्तूल व बेताची मूठ यांपेक्षा साधारण पिस्तूल व हातात नेमकी बसणारी मूठ हे अधिक गुण देणारे ठरते.

मूठ : स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ सामान्यतः अक्रोडाच्या लाकडाची असते. तळहाताची खोलगट बाजू भरून निघावी, बोटांना स्वतःची जागा मिळावी आणि मनगट सरळ राहून डोळे उघडताच माशी आपोआप खाचेत दिसावी, ही चांगल्या मुठीची लक्षणे होत. कारखान्यातील मूठ लहान, मध्यम व मोठी अशा मापांत मिळते. पण हात मापात जन्मत नाही. त्यामुळे सर्वांत महाग पिस्तुलाची मूठही कानशीने घासून व लाकडी लुकणाने भरून घ्यावीच लागते. काम सावकाश करावयाचे असते: एका वेळी थोडेसे लाकूड काढावे, काही दिवस सराव करावा व मगच पुढे घासावे. मुठीने मनगटास आधार देता कामा नये, असा नियम आहे. डावखुऱ्या नेमबाजास वेगळी मूठ लागते. हंगेरीचा कारोय ताकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात निकामी झाल्यावर त्याने डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत शीघ्रवेध पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. स्पर्धेच्या पिस्तुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोरिनी या नाममुद्रेचा संस्थापक चेझारे मोरिनी हाही आरंभी हाताच्या आकाराच्या मुठी करणारा कारागीर होता. म्हणजे ज्याला आज तयार माल म्हणतात त्याची सुरुवात अनुरूपणातूनच झाली.

चाप : चापाची हालचाल दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा हलका असतो. दुसऱ्यात बोटाला अडथळा जाणवतो व तो ओलांडताच नेम सुटतो. हा अडथळा दर वेळी त्याच ठिकाणी व तेवढाच जाणवणे हे दाब कमी असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. स्पर्धेच्या पिस्तुलात चापाची लांबी, कोन, दोन्ही टप्प्यांचे दाब व सुटल्यानंतरची पुढची हालचाल स्वतंत्र स्क्रूंनी बदलता येतात. संरक्षणासाठीच्या पिस्तुलात अशी सोय नसते. तेथे चाप हलका करण्यासाठी पोलादी अडकणीची कडा घासावी लागते. ती एकदा घासली की परत येत नाही. अडकणीची पकड अपुरी राहिल्यास बोट न लागता केवळ धक्क्याने गोळी सुटू शकते. म्हणून हे काम हौशी माणसाने कधीही करू नये. चापाचा दाब वजन टांगून तपासतात. ते वजन न उचलणारे पिस्तूल स्पर्धेत स्वीकारले जात नाही.

याउलट काही गुण नंतर घालता येत नाहीत. नळीचा अक्ष हातापासून किती उंचावर आहे, यावर झाडल्यानंतर पिस्तुलाचे तोंड किती उसळेल हे ठरते. हा गुण मूळ आराखड्यातच असावा लागतो. हवेचा दाब प्रत्येक वेळी समान ठेवणारी झडप, नळीच्या आतील खाचांची सफाई व स्लाइड हलत असतानाही दर्शके नळीशी पक्की राहणे, यांचेही तसेच आहे.

सैनिकी पिस्तुलाचे अनुरूपण करण्याची परंपरा अमेरिकेत मोठी आहे. ब्राउनिंगने आराखडा केलेल्या व १९११ मध्ये सैन्याने स्वीकारलेल्या ०·४५ इंची पिस्तुलाची स्लाइड सांगाड्यावर घट्ट बसविणे व नळीभोवतीची बुश नेमक्या मापाची करणे ही कामे तेथील शस्त्रकारागिरांनी इतकी पुढे नेली, की कोल्ट कंपनीने अखेर १९५७ मध्ये ‘गोल्ड कप’ हे तयार स्पर्धा-पिस्तूल बाजारात आणले. भारतात हा मार्ग जवळजवळ बंद आहे. इच्छापूर, काशीपूर व कानपूर येथील निर्माण्यांची ०·३२ इंची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर संरक्षणासाठी असून त्यांची नळी आखूड असते. त्यांवर खर्च करून स्पर्धेचे शस्त्र घडविणे व्यवहार्य नाही.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्र बनविणे, रूपांतरित करणे, दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे यांकरिता स्वतंत्र परवाना लागतो, शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. शस्त्रावरील ओळखक्रमांक खोडणे वा बदलणे कलम ८ नुसार निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मिती, रूपांतर व दुरुस्ती यांबद्दलची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी वाढविली. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात ही बाब विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंबरनाथची आयुध निर्माणी, तेथीलच यंत्रसामग्रीच्या आद्यनमुन्यांचा कारखाना व औद्योगिक वसाहतीतील लहान यंत्रशाळा यांमुळे येथे शतांश मिलिमीटरात काम करणारे कातारी व जोडारी सहज भेटतात, तर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकूडकामाचे कसबी कारागीर आहेत. हवाई पिस्तुलाची लाकडी मूठ अशा सुताराकडून उत्तम होऊ शकते. परंतु कातारी कितीही निष्णात असला, तरी परवान्याशिवाय त्याने अग्निशस्त्राच्या नळीस किंवा यंत्रणेस हात लावणे हा गुन्हाच होय. ४·५ मिमी. व्यासाच्या व २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई पिस्तुलास मात्र शस्त्र परवाना लागत नाही. त्यामुळे नवोदिताची सुरुवात बहुधा त्यानेच होते.

०·२२ इंची स्पर्धा-पिस्तुले परदेशांतून येतात व ती आयात करण्याची मुभा नामांकित नेमबाजांपुरती मर्यादित आहे. नेमबाज नामांकित ठरण्यासाठी आधी स्पर्धांत गुण मिळवावे लागतात व ते गुण दुसऱ्याच्या पिस्तुलावर मिळवावे लागतात, असा हा पेच आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष, लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळणकर, यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेत असे अनेक खेळाडू उसन्या शस्त्रावर उतरतात. क्लबचे पिस्तूल दहा हातांतून फिरते. त्याची मूठ एकासाठी घासता येत नाही. अशा वेळी स्वतःच्या हाताची सुटी मूठ करून घ्यावी व सरावापुरती बसवावी, हा स्वस्त व निर्धोक उपाय आहे. २५ मी. पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१३ मध्ये चांगवोन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. तेव्हापासून या प्रकाराकडे राज्यातील मुलींचा ओढा वाढला असून शस्त्राच्या उपलब्धतेचा प्रश्नही अधिक जाणवतो.

महाग पिस्तूल म्हणजे निर्दोष पिस्तूल नव्हे. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये १० मी.च्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत तिची बरीच मिनिटे गेली व ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली. राखीव पिस्तुलाची मूठ व चापही पहिल्याप्रमाणेच जुळविलेली असणे का आवश्यक आहे, हे अशा प्रसंगी कळते. नियम बदलल्यानेही महाग शस्त्र वाया जाते. शीघ्रवेध प्रकारासाठी घडविलेली ०·२२ शॉर्ट काडतुसाची, अतिशय हलक्या चापाची पिस्तुले २००५ पासून नव्या नियमांमुळे निरुपयोगी झाली, तर ५० मी. मुक्त पिस्तूल हा प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

वापरलेले हवाई पिस्तूल घेताना हवेच्या नळकांड्यावरील तारीख प्रथम पाहावी. स्पर्धेत नळकांड्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षे धरतात. मुदत संपलेले नळकांडे बदलण्याचा खर्च धरला, की स्वस्त वाटणारा सौदा पुष्कळदा नव्याच्या जवळ जातो. झडपेतून हवा गळत असल्यास, नळी झिजलेली असल्यास किंवा चापाचे स्क्रू फिरवूनही दाब स्थिर राहत नसल्यास अशा पिस्तुलाच्या अनुरूपणावर पैसा घालू नये. या बाबी ठीक असतील, तर आधी मूठ जुळवावी, नंतर चाप, शेवटी खाचेची रुंदी. आणि निदान एका हंगामाच्या गुणांची नोंद पाहूनच नव्या पिस्तुलाचा विचार करावा.