डॅशबोर्डवरचे दिवे काय सांगतात?

गणपतीसाठी कोकणात निघायचे म्हणून पहाटेच सामान भरून झालेले असते. मुले मागच्या सीटवर पेंगत असतात. इंजिन सुरू होते आणि डॅशबोर्डवरचा एक दिवा विझण्याचे नाव घेत नाही. गॅरेज उघडायला चार-पाच तास अवकाश असतो. निघावे की थांबावे? अशा वेळी 'बघू पुढे' असे म्हणून निघणारेही असतात आणि साध्या कारणासाठी सारा बेत रद्द करणारेही. दिव्यांची भाषा थोडी समजून घेतली, तर या दोन्ही चुका टळू शकतात.

पहिला नियम रंगाचा. लाल दिवा म्हणजे गाडी शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबवा. पिवळा म्हणजे दोष आहे, तपासणी लवकर करून घ्या. हिरवा आणि निळा केवळ माहिती देतात. थंड इंजिनावर काही गाड्यांत दिसणारा निळा तापमापक इंजिन गरम झाले की आपोआप जातो. चावी 'ऑन' केल्यावर बहुतेक दिवे क्षणभर लागतात आणि इंजिन सुरू होताच विझतात. ही दिव्यांची स्वतःची चाचणी असते. त्या वेळी एखादा इशारादर्शक दिवा लागलाच नाही, तर तीही तक्रारच समजावी.

सर्वांत गंभीर दिवा तेलाच्या झारीचा. हा दिवा मुख्यतः तेलाची पातळी नव्हे, तर तेलाचा दाब सांगतो, हे अनेकांना ठाऊक नसते. दाब नसेल तर इंजिनाचे धातूचे भाग कोरडेच एकमेकांवर घासतात आणि काही मिनिटांत मोठे नुकसान होते. म्हणून इंजिन तत्काळ बंद करावे. गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसून पुन्हा आत घालावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचे तेल थोडे थोडे घालावे. तेल पुरेसे असूनही दिवा लागत असेल, तर दोष पंपात किंवा सेन्सरमध्ये असू शकतो. तो कुठे आहे हे घरी कळत नाही. अशा वेळी गाडी टो करून न्यावी.

तापमानाचा लाल दिवा घाटात हमखास गाठतो. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची टाकी पाहावी, पाइप गळत आहेत का ते तपासावे.

बॅटरीचे चित्र लागले की लोक बॅटरी बदलायला धावतात. प्रत्यक्षात गाडी चालू असताना हा दिवा सांगतो की बॅटरी चार्ज होत नाही. दोष बहुधा अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा सैल जोडणीचा असतो. घरी मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. चालू असतानाही आकडा वाढत नसेल, तर बॅटरी नवी घेऊन उपयोग नाही. बॉनेट उघडून पट्टा जागेवर आहे का, हेही पाहावे. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असेल तर गाडी चालवू नये.

ब्रेकचा लाल दिवा दिसला तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते पाहा. सुटला असेल तर ब्रेक ऑइलची टाकी पाहा. पातळी खाली गेली असेल तर ब्रेक पॅड झिजलेले असतात किंवा कुठेतरी गळती असते. नुसते तेल ओतून कारण झाकू नये. पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवूच नये. एकटा एबीएसचा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक सहसा चालतात, मात्र जोरात ब्रेक दाबल्यास चाके अडकून गाडी घसरू शकते. दोन्ही दिवे एकत्र लागले तर प्रवास नको.

'चेक इंजिन'चा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश चालवत गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि न जळलेले इंधन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते. अशा वेळी थांबलेले बरे. स्टिअरिंगखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला छोटा स्कॅनर जोडून दोषाचा कोड वाचता येतो. उदाहरणार्थ, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर. पण कोड दिशा दाखवतो, बदलायचा सुटा भाग सांगत नाही. कारण स्पार्क प्लग, कॉइल किंवा पावसाळ्यात उंदराने कुरतडलेली वायरही असू शकते. दिवा घालवण्यासाठी बॅटरीची वायर काढण्याचा उपाय टाळावा. त्याने दोष जात नाही, फक्त मेकॅनिकला उपयोगी पडणारी नोंद पुसली जाण्याची शक्यता असते.

एअरबॅगच्या दिव्याबाबत घरी काहीही करू नये. त्या वायरींना हात लावणे जिवावर बेतू शकते आणि दिवा लागलेला असताना अपघात झाल्यास एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते.

गाडीचे मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये न उघडता पडलेले असते. एखाद्या निवांत रविवारी दिव्यांचे ते पान वाचून काढा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काळोख्या घाटात, मुलाबाळांसह असताना, निघावे की थांबावे हा निर्णय मग अंदाजावर सोडावा लागणार नाही.