आधी सोने, मग मिरी

शाळेत इतिहास शिकताना एक वाक्य आपण बहुतेकांनी घोकलेले असते: १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, पूर्वेकडचा खुष्कीचा मार्ग बंद पडला, म्हणून युरोपीयांना भारताचा जलमार्ग शोधावा लागला. परीक्षेत हमखास गुण देणारे हे कारण सनावळीपुढे मात्र टिकत नाही. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउटा बंदर घेतले ते १४१५ मध्ये. मदेइरा बेटावर त्यांची वस्ती झाली १४२० च्या सुमारास. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या बोजादोर भूशिरापलीकडे जायला खलाशी कचरत, ते जील एआनिशने १४३४ मध्ये ओलांडले, तेव्हा कॉन्स्टँटिनोपल पडायला एकोणीस वर्षे बाकी होती. शिवाय व्हेनिसचे व्यापारी मिरी घेत ती मुख्यतः अलेक्झांड्रिया आणि बैरुतला. ही बंदरे इजिप्तच्या मामलुक सुलतानांची. ती ऑटोमनांच्या हाती गेली १५१६-१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी. खुद्द व्हेनिसने १४५४ मध्येच तुर्कांशी तह करून व्यापार पुन्हा सुरू केला होता. अमेरिकी इतिहासकार लायबायर यांनी तुर्कांवरचा हा आरोप १९१५ मध्येच खोडून काढला, तरी ते वाक्य पाठ्यपुस्तकातून हलायला तयार नाही.

मग हे लोक समुद्रात उतरले कशासाठी? पंधराव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगाल हा जेमतेम दहा लाख वस्तीचा देश होता. धान्य वरचेवर कमी पडे. शेजारच्या कॅस्टिलशी १४११ मध्ये तह झाला आणि लढाईवर पोसलेले सरदार रिकामे झाले. त्यात सगळ्या युरोपला सोन्याचांदीची चणचण. हे सोने येई सहारापलीकडून, उंटांच्या तांड्यांवरून. मालीचा राजा मानसा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतके सोने वाटून गेला, की त्याची कीर्ती भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरली. १३७५ च्या कॅटलान नकाशात तो हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दिसतो. सेउटा हे या तांड्यांचे एक टोक होते. पण बंदर ख्रिस्ती लोकांच्या हाती पडताच तांडे दुसऱ्या बंदरांकडे वळले आणि पोर्तुगालच्या गळ्यात उरला तो ठाण्याच्या फौजेचा खर्च. तांडे येत नाहीत तर समुद्राने वळसा घालून सोने निघते तिथेच जावे, हा विचार मग फार लांबचा नव्हता.

या मोहिमा धाडणाऱ्या पोर्तुगीज राजपुत्र हेन्रीचे दुर्बिणी-नकाशांत रमलेला विद्वान म्हणून जे चित्र रंगवले जाते, ते नंतरच्या काळाचे. दुर्बीण तर तेव्हा नव्हतीच, आणि साग्रेसची त्याची नौकानयनाची शाळा ही दंतकथा. खरा हेन्री म्हणजे साबणाचा मक्ता राखणारा, पदरच्या सरदारांना पोसायचे कसे या विवंचनेतला संस्थानिक. त्याच्या मोहिमांवर पैसा उधळला जातो अशी कुरकूर आधी होती. ती थांबली ऑगस्ट १४४४ मध्ये. त्या महिन्यात लागोस बंदराबाहेरच्या मोकळ्या जागेत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी झाली. बखरकार झुरारा हेन्रीचा भाट, पण आयांपासून मुले आणि नवऱ्यांपासून बायका तोडल्या गेल्या हे त्याने लपवलेले नाही. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याचा पंचमांश भरला ४६ माणसे. यानंतर जहाजे पाठवण्याचे परवाने मागायला लोक आपणहून येऊ लागले. आर्गिन बेटावर वखार पडली, मदेइराची साखर युरोपच्या बाजारात जाऊ लागली. १४६९ मध्ये राजाने किनाऱ्याचा व्यापार लिस्बनच्या फर्नाओ गोमिश या व्यापाऱ्याला पाच वर्षांच्या मक्त्याने दिला. अट अशी, की त्याने वर्षाला ठरावीक रक्कम भरायची आणि शिवाय दरवर्षी शंभर लीग नवा किनारा शोधायचा. भूगोलाचा शोध हे मक्त्याच्या करारातले एक कलम होते! दोनच वर्षांत गोमिशची माणसे आजच्या घानाच्या सोन्यापर्यंत पोचली आणि १४८२ मध्ये तिथे मीनाचा किल्ला उभा राहिला.

यावर कोणी म्हणेल, धर्म विसरलात. विसरता येणारच नाही. पोपने १४५५ मध्ये या किनाऱ्याचे हक्क पोर्तुगालला बहाल केले, आणि मुसलमानांच्या पाठीमागे राज्य करणारा ख्रिस्ती राजा प्रेस्टर जॉन कुठेतरी सापडेल ही आशा शेवटपर्यंत सुटली नाही. हेन्रीची श्रद्धा ढोंगी होती असे मानायचेही कारण नाही. पण श्रद्धा तर क्रुसेडांच्या काळातही होती. तिच्या जोरावर जहाजे दरवर्षी सुटत नाहीत. खलाशांचा पगार आणि गलबतांची डागडुजी परतीच्या मालातूनच निघत होती.

दुसरा आक्षेप जहाजविद्येचा: नवी साधने हाती आली म्हणून हे साधले, असा. पण होकायंत्र आणि किनाऱ्यांचे नकाशे भूमध्य समुद्रात शतकापूर्वीपासून होते. जिनोआचे व्हिव्हाल्दी बंधू तर १२९१ मध्येच भारत गाठायला जिब्राल्टरबाहेर पडले होते. ते परतले नाहीत. अडचण परतण्याचीच होती. मोरोक्कोच्या खाली ईशान्येचे वारे आणि प्रवाह दोन्ही दक्षिणेला लोटतात. जाणे सोपे, येणे उरस्फोडीचे. त्यावरचा तोडगा मुलखावेगळा आहे: घर उत्तरेला असताना किनारा सोडून वायव्येला खोल समुद्रात शिरायचे, अझोर्सच्या आसपास पश्चिमेचे वारे गाठायचे आणि त्यांच्या पाठबळावर लिस्बन धरायचे. असे धाडस एखाद्या फेरीत साधत नाही. माल घेऊन वर्षानुवर्षे जा-ये करणाऱ्यांनाच ते उमगते. मीनापर्यंत जाऊन आलेल्या कोलंबसलाही या वाऱ्यांची जाण होती. आणि नुसत्या जहाजांनी सगळे होत असते, तर आपला दर्यासारंग झेंग ह याच्या अवाढव्य ताफ्यांनंतर चीनने १४३३ मध्ये हात आखडता घेतला नसता.

तुर्कांचा हात अगदीच नव्हता असे नाही. काळ्या समुद्रातली ठाणी गमावल्यावर जिनोआचा पैसा आणखी जोराने पश्चिमेकडे वळला. पण पोर्तुगालच्या राजाने जिनोआच्या मॅन्युएल पेसान्याला आपला आरमारप्रमुख नेमले होते ते १३१७ मध्ये. वाट आधीच पडलेली होती.

भारताचा ठाम बेत दिसतो तो दुसऱ्या जॉन राजाच्या काळात, १४८१ नंतर. त्याने कोव्हिल्याला १४८७ मध्ये खुष्कीने टेहळणीला धाडले, १४८८ मध्ये त्याचा खलाशी डायस आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला आणि त्याच वाटेने दहा वर्षांनी गामा कालिकतला पोचला. तिथल्या सामुरी राजासाठी त्याने काढलेला नजराणा पाहण्यासारखा आहे: पट्ट्यापट्ट्यांचे कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखर, तेल आणि मध. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खपणारा हा माल पाहून राजाची माणसे हसली. मक्केचा दरिद्री व्यापारीही याहून बरे काही आणतो, द्यायचे तर सोने द्या, असे त्यांनी सुनावले. निघताना सामुरीने पोर्तुगालच्या राजाला जे पत्र दिले त्यात मिरी, आले, दालचिनी, लवंगांच्या बदल्यात मागितले होते सोने, चांदी, पोवळी आणि किरमिजी कापड. मीनाहून लिस्बनला उतरणारे सोने आता मलबारात मिरीचे दाम चुकवायला लागणार होते.