‘भाषाशुद्धी’ नावाची ओळ
लेखमाला : अक्षरांवरची रोजी (लेखांक ५)

गुजरातच्या शालेय पाठ्यपुस्तकाचं मुखपृष्ठ उलटलं की आत नावांची रांग लागते. विषय-सलाहकार, लेखन-संपादन, समीक्षा आणि त्यातच कुठेतरी ‘भाषाशुद्धी’. पालक ते पान उलटून पुढे जातात. आपल्याला मात्र तिथेच थांबायचं आहे, कारण कुणीतरी पैसे घेऊन केलेलं हे काम आहे आणि ते सुरतच्या लिंबायतमध्ये बसूनही करता येतं.

लिंबायतच का? जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली, मागावर आणि साड्यांच्या कामावर संसार उभे केलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, शेजारी हिंदी. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्यांची पुस्तकं पुण्याहून येत नाहीत. ती येतात १९६९ साली स्थापन झालेल्या गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाकडून. तिकडे १९६७ पासून काम करणारी पुण्याची बालभारती महाराष्ट्रातल्या मुलांसाठी गुजराती पुस्तकंही काढते. खासगीत १९५९ साली सुरू झालेली ‘नवनीत’ दोन्ही राज्यांत गाइडं विकते. म्हणजे दोन्ही भाषा डोळसपणे वाचणारा माणूस दोन्हीकडे लागतो.

मुळात गुजराती असलेला मजकूर मराठीत येतो तेव्हा काय निसटतं? गुजरातीत ‘धोरण’ म्हणजे इयत्ता, ‘प्रवृत्ति’ म्हणजे कृती, ‘सरेराश’ म्हणजे सरासरी. पुण्याच्या मुद्रितशोधकाला ‘धोरण पाच’ लगेच खटकेल. लिंबायतच्या माणसाला कदाचित खटकणारच नाही, कारण ते त्याच्या कानावर रोज पडतं. दोन भाषा येणं ही त्याची कमाई खरी, पण चूकही नेमकी तिथेच लपते. म्हणून आधी मूळ न बघता फक्त मराठी वाचायचं, खुणा करायच्या आणि मगच गुजराती समोर ठेवून ओळ न्‌ ओळ ताडून पाहायची. उलट क्रमाने केलं की गुजराती वाक्यरचना डोक्यात बसते आणि मराठीत आलेली तीच रचना बरोबर वाटू लागते.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियम पुरतात. सोबतीला मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांचं एखादं पुस्तक हाताशी असू द्या. अक्षरजुळणीवर मात्र जास्त डोळा ठेवा. हिंदीसाठी घडवलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य भलत्याच रूपात येतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये लिपीचं प्रमाण रूप ठरवून दिलं आणि २०२२ मध्ये ते सुधारलं. ते छापून टेबलाला चिकटवा.

पण शालेय संपादन एवढ्यावर संपत नाही, आणि नवखे इथेच घसरतात. पहिलीच्या वाचनपाठात अक्षरं टप्प्याटप्प्याने येतात. ‘ळ’ अजून शिकवलेला नसताना पाठात ‘फळा’ आला, तर शुद्धलेखन निर्दोष असूनही पाठ चुकलाच. म्हणून शिकवून झालेल्या अक्षरांची यादी शेजारी ठेवून एकेक शब्द तपासायचा. चित्रात आंबे चार आणि प्रश्नात पाच, असंही सर्रास होतं. गणिताची उत्तरं स्वतः सोडवून बघायची. मागच्या उत्तरसूचीवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच ते नीट करणाऱ्याला पुन्हा फोन येतो.

गुजरातने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची केली. धोरण म्हणून ते पटो न पटो (इथे धोरण मराठीतलं!), पण घरी गुजराती न बोलणाऱ्या मुलांना गुजराती शिकवणारी पुस्तकं आता लागणारच. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये पहिलीपासून नवी पुस्तकं येऊ लागली आहेत. पाठ्यपुस्तक बदललं की त्यावरची गाइडं, स्वाध्यायपुस्तिका, सराव प्रश्नपत्रिका सगळंच नव्याने करावं लागतं.

नमुना म्हणून दाखवायला काही नसेल, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर गुजराती गोष्टी मराठीत आणा. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली असतात, त्यामुळे कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही. तुमचं कामही नावानिशी दिसतं.

आता पैशांचं. फक्त गुजरातमधल्या मराठी पुस्तकांवर घर चालणार नाही, तो बाजार लहान आहे. मुंबई-पुण्याची कामं जोडीला हवीतच. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत प्रूफांचा पूर येतो आणि पावसाळ्यात हात रिकामे राहतात. दर पानावर ठरवू नका. गोष्टीचं पान आणि अपूर्णांकांचं पान एका मापाने मोजलं की तुमचा तोटा ठरलेला. भाषेच्या मजकुराला शब्दांवर आणि गणिताला तासांवर दर मागा. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला गेला, तर विवरणपत्र भरा. कर तेवढा बसत नसेल तर रक्कम परत मिळते. आणि दुसऱ्या प्रूफानंतर लेखकाने मजकूर बदलला तर त्याचे वेगळे पैसे पडतील, हे काम हातात घेण्याआधीच लिहून घ्या. ते कसं लिहायचं, त्याचा मसुदा पुढच्या आठवड्यात.