चेंडू हातात नसलेल्या चौघी



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली आणि एक ताई मागे थांबल्या. त्यांची मुलगी नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. ताई म्हणाल्या, "सामना बघून आले. पोरीनं एकही बास्केट केली नाही. नुसती इकडून तिकडे पळते आणि मध्येच खांबासारखी उभी राहते. उन्हातान्हात पाठवायचं कशाला? घरी राहिली तर हाताखाली तरी येईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी-चौघी मैदानावर गेलो. खेळाच्या सरांना विचारलं, मुलींना विचारलं. तेव्हा कळलं, ती खांबासारखी उभी राहते तेव्हाच तिचं खरं काम चाललेलं असतं. ते काम कोणतं, ते आज सांगतो.

या खेळात एका संघाच्या ५ जणी मैदानात असतात. लोखंडी कडं १० फुटांवर. चेंडू ताब्यात आला की २४ सेकंदांच्या आत कड्याकडे फेकावा लागतो. समोरच्या संघाची एकेक मुलगी आपल्या एकेकीला चिकटलेली असते. चेंडू मात्र एकच. म्हणजे कुठल्याही क्षणी चौघींच्या हातात काहीच नसतं. या चौघी काय करतात, त्यावर चाल जमते किंवा फसते.

चालीची साधनं तीन. पहिलं पास. जेम्स नाइस्मिथ यांनी अमेरिकेत १८९१ साली हा खेळ काढला, तेव्हा चेंडू घेऊन पळायला मनाईच होती. जिथे मिळाला तिथूनच फेकायचा. टप्पे देत पुढे जाणं नंतर आलं. चेंडू माणसापेक्षा वेगानं जातो. तो हलला की अडवणाऱ्या साऱ्या जणींना जागा बदलावी लागते.

दुसरं साधन कट. म्हणजे मोकळ्या जागेत अचानक शिरणं. आधी एका बाजूला पाऊल टाकून हूल द्यायची आणि दुसरीकडे धावायचं.

तिसरं स्क्रीन, म्हणजे आडोसा. आपल्या मैत्रिणीला जी अडवते आहे, तिच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. दोन्ही पाय रोवून, हात अंगाशी धरून, स्थिर. हललं, ढकललं, कोपर काढलं, तर फाउल. म्हणून ती पोर खांबासारखी उभी राहते!

आता एक चाल अंगणात मांडून बघा. खडूनं कडं काढा. पाच चिंचोके आपल्या मुली. पहिली कड्यासमोर लांब, दुसरी उजवीकडे, तिसरी डावीकडे, चौथी आणि पाचवी दोन कोपऱ्यांत. प्रत्येक चिंचोक्याच्या पुढे, कड्याच्या बाजूला एकेक खडा ठेवा. ते अडवणारे. कड्याजवळची जागा रिकामी राहिली, बघा. ती मुद्दाम रिकामी ठेवायची.

पहिली उजवीकडच्या दुसरीला पास देते. आपल्याला वाटेल, आता ती चेंडूच्या मागे जाईल. ती जाते उलट, डावीकडे, आणि तिसरीवरच्या खड्याच्या वाटेत आडोसा होऊन उभी राहते. तिसरी एक पाऊल बाहेर हूल देते आणि पहिलीच्या खांद्याला खांदा घासून रिकाम्या जागेत शिरते. मध्ये फट राहिली तर खडा त्यातून निसटतो. दुसरी लगेच तिला चेंडू देते. आडोसा उभा राहायच्या आधी तिसरी धावली, तर सगळं फुकट. आधी आडोसा, मग धाव.

पण खडेही हुशार असतात. पहिलीवरचा खडा तिसरीला रोखायला धावला, तर पहिली स्वतःच मोकळी होते. ती चेंडूकडे वळते आणि पास घेते. तिसरीवरचा खडा आधीच ओळखून आडोशाच्या पुढे जाऊन थांबला, तर तिसरी आत न जाता बाहेर सरकते आणि लांबून फेकते. काहीच जमलं नाही, तर चेंडू पुन्हा मधोमध आणायचा आणि दुसऱ्या बाजूनं तीच चाल करायची. सर म्हणाले, चाल नुसती पाठ करून भागत नाही, खडा काय करतो ते बघावं लागतं.

कधी खडा पासच्या वाटेतच येऊन उभा राहतो. मग त्याच्या पाठीमागून शिरायचं. अमेरिकेत १९९६ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मुलांनी हेच केलं. समोर होता आधीच्या वर्षीचा विजेता, यूसीएलए. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी मुलांना पास आणि पाठीमागून शिरणं यात तयार केलं होतं. गुण ४१-४१, शेवटचे काही सेकंद उरलेले. एक खेळाडू पाठीमागून शिरला, त्याला नेमका पास मिळाला, आणि प्रिन्स्टन ४३-४१ नं जिंकलं.

आमच्या मुलीही उंच नाहीत. पण आडोशाला उंची लागत नाही. वेळ साधावी लागते आणि अंगावर धक्का सोसायची तयारी लागते.

एक गोष्ट आम्हाला टोचली. सामन्याच्या कागदावर बास्केट लिहितात, फाउल लिहितात. चांगल्या आडोशाची नोंद कुठेच होत नाही. तो चुकला, तरच फाउल म्हणून नाव लागतं.

ताईंना आम्ही हे सगळं चिंचोके मांडून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, पुढच्या सामन्याला जाते. त्या गेल्या, आणि बैठकीला येताना वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून आणल्या. मुलीनं किती आडोसे दिले, त्याच्या त्या रेघा. अकरा होत्या.

मैत्रिणींनो, तुमची लेक खेळत असेल तर एकदा जाऊन बघा. चेंडूवरची नजर थोडा वेळ काढा आणि बाकीच्या चौघींकडे बघा.